उलटी किती वाजता झाली

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताला जे झालं, त्याचं पहिलं निदान आमच्या आईने केलं. तीन बोटं लाल, टचटचीत सुजलेली, कातडीवर मेण फासल्यासारखी चकाकी. आईने तो हात उन्हात धरून उलटासुलटा केला आणि म्हणाली, "पाकट लागलाय."

पाकट म्हणजे तो चपटा मासा, शेपटीला विषारी काटा असतो तो. आमच्या मच्छीमार गावात, मुरब्यात, कुणाचा हात असा सुजला की पाकटाचंच नाव घेतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. अडचण एवढीच होती की माझा भाऊ बारा वर्षांत होडीवर चढला नव्हता.

"मंग बंदरावर कुनाच्या टोपलीत हात घातला असशील," आई म्हणाली.

"हां, असंल," तो म्हणाला आणि हात मागे घेतला.

तो इतक्या चटकन कबूल झाला, तिथेच मला शंका यायला हवी होती. आमच्या घरात कुणी पहिल्या फटक्यात काही कबूल करत नाही. पण मी तेव्हा बाजूला बसून भावजयीच्या माहेरच्यांना मांदेलीची गोष्ट सांगत होतो.

गोष्टी सांगणं हा माझा जुना आजार. वय पन्नास, नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात हजेरीच्या टेबलावर, राहणं पालघरला, आणि कुटुंबात पद एकच: हळदीच्या मांडवात, बाराव्याच्या जेवणानंतर, मुलगी बघायला गेलेल्या घरीसुद्धा लोक म्हणतात, "दादा, ती सांग ना." मग मी सांगतो. गोष्टीत मीठ घालावं लागतं, आणि मी ते हाताने घालतो, मापाने नाही.

मांदेलीची गोष्ट अशी. कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे दर शुक्रवारी मी बायकोला घेऊन मुरब्याला आईकडे जेवायला जातो. त्या शुक्रवारी घरात ताजी मासळी नव्हती. भांगाचे दिवस होते, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ते मधले दिवस, आणि तेव्हा जाळ्यात फारसं काही येत नाही. मला आदल्या दिवशी फोनवर हे कळलं, आणि मी काय करावं? पालघरच्या बाजारातून मांदेली घेतली आणि पिशवीत घालून मुरब्याला नेली. आईने पिशवीत डोकावून पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "बघ गो, माझ्या पोराने मला मासली आनलीय. उद्या मीठ घेऊन मिठागरात जाईल."

तरी तिने ती केली. आम्ही जेवायला बसलो आणि भाऊ पानावरून उठून मागच्या दारी जाऊन भडभडून ओकला. झालं. पालघरची शिळी मांदेली, मोठ्या भावाची अक्कल, सगळं त्या दुपारी निघालं. भाऊ भिंतीला टेकून पांढराफटक बसला होता आणि आई मला म्हणत होती, "मासली घेताना तिचे कान उघडून बघतात, पोरा. तू काय दुकानदाराचं तोंड बघितलंस?" बाकी कुणालाच काही झालं नव्हतं. पण हे कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उठून चालू लागला. तिसऱ्या दिवशी कामावर गेला. पुढचे पंधरा दिवस खाऊन-पिऊन ठणठणीत. आईने नवस बोलला होता, तो नारळ फोडून फेडलासुद्धा. आणि मी ती गोष्ट कचेरीत, रिक्षा-स्टँडवर, सफाळ्याला मेव्हणीच्या घरी ओटीभरणाला गेलो तिथे, सगळीकडे सांगितली. दर वेळी थोडी सुधारली. शेवटी ती अशी झाली होती: भावाने पहिला घास तोंडात घातला, माझ्याकडे पाहिलं, "दादा" म्हणाला, आणि तो घास तसाच माझ्या नव्या शर्टावर. लोक पोट धरून हसत.

त्याचं काम मला आता सांगायला हवं, कारण तेव्हा मी ते कधी नीट विचारलंच नव्हतं. बोईसरच्या कारखान्यांतल्या पाइपांचे, टाक्यांचे जोड आतून नीट वितळून बसलेत की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून लोखंडाचा फोटो काढतात. आपल्या हाडांचा काढतात तसाच, पण वीज लागत नाही. एक जड पेटी असते, तिला ते कॅमेरा म्हणतात. पेटीत पेन्सिलीच्या टोकाएवढा इरिडियमचा तुकडा. लांब उभं राहून हँडल फिरवायचं, तुकडा नळीतून पुढे सरकून जोडापाशी जातो, मागच्या बाजूला लावलेल्या फिल्मवर फोटो उमटतो, मग हँडल उलटं फिरवून तुकडा परत पेटीत. त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही, तो गरमही लागत नाही. तो पेटीत परतला की नाही हे फक्त हातातल्या मीटरला कळतं.

आमच्याकडचा माणूस परगावी गेला की लोक तारापूरच्या अणुभट्ट्यांचं नाव ऐकून विचारतात, "मग तुम्ही अंधारात चमकता का?" मीही इतकी वर्षं "त्यामुळे आमच्याकडे लाइटचं बिल येत नाही" असं सांगून हशा मिळवत आलो. त्या घुमटांनी आमचं कधी काही वाकडं केलं नाही. आमच्या घरात जे आलं ते भावाच्या पोटापाण्याच्या कामातून आलं, आणि त्याला दार मी उघडून दिलं.

ते असं. हे काम करणाऱ्यांच्या छातीवर एक बॅज असतो. माणसाने किती किरणं खाल्ली ते तो बॅज साठवून ठेवतो, आणि ठरावीक महिन्यांनी तो तपासायला जातो. दोन वर्षांपूर्वी भावाच्या बॅजवर आकडा जास्त आला. चौकशी झाली, त्याला कामावरून बाजूला ठेवलं. तो घरी बसला, बोलेनासा झाला. एका शुक्रवारी जेवताना त्याचं तोंड बघवेना म्हणून मी, कुटुंबाचा विनोदवीर, म्हणालो, "अरे, ताप आला की थर्मामीटर घरी विसरायचा. ताप गायब!"

सगळे हसले. तो हसला नाही. पुन्हा कामावर घेतल्यानंतर ज्या दिवशी काम जास्त असेल त्या दिवशी तो बॅज घरी खिळ्याला लावून जाऊ लागला.

आईची समजूत उलटीच. तिला वाटे, बॅज छातीवर असला की किरणं अंगाला लागत नाहीत, ताईत असतो तसा. तो खिळ्यावर दिसला की तिचा जीव खालीवर व्हायचा. मग ती तो उतरवून देवापुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायची. म्हणजे माझा भाऊ तिकडे किरणं खात होता आणि त्याचा हिशोब ठेवणारा बॅज आमच्या देव्हाऱ्यात उदबत्तीचा वास घेत होता.

बोटांना फोड आले तेव्हा बोईसरच्या डॉक्टरने ॲलर्जी म्हणून मलम दिलं. फोड वाढले. चार दिवसांत कातडी सुटून आली आणि खालचं मांस दिसायला लागलं. उजव्या खांद्यावर नळीच्या वेढ्यासारखा लाल पट्टा उठला. वेदना अशी की पंख्याचा वारा हाताला लागला तरी तो ओरडायचा. माझा भाऊ, जो लहानपणी पायात गळ रुतला तर स्वतः उपटून काढायचा.

पालघरला मी त्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हात पाहिला, खांदा पाहिला, आणि विचारलं, "काम काय करता?" भावाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "किरणांचं? मग बॅजचा रिपोर्ट?"

भावाच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर आमच्याबरोबर आला होता, त्याने तो आणलाच होता. खुर्ची न घेता त्याने कागद टेबलावर सरकवला. "मॅडम, देख लीजिए, एकदम क्लीन है। साइट पे कुछ नहीं हुआ। वेल्डिंग का चटका है, ये लोग ग्लव्ज पहनते नहीं।"

बाईंनी भावाकडे पाहिलं. "चटका आहे?"

"चटका हाय," तो म्हणाला. खांद्यालाही का, ते त्याने सांगितलं नाही.

त्यांनी जखमेची औषधं दिली, रक्त तपासायला सांगितलं. कागदावर तर क्लीन लिहिलेलं होतं.

बाहेर आल्यावर मोटारसायकलच्या आडोशाला मी त्याला धरलं. तेव्हा तो बोलला. त्या शुक्रवारी कारखाना बंद, आत माणसं नाहीत, म्हणून फोटोचं काम सकाळीच उरकायचं होतं. मीटरची बॅटरी संपलेली. त्याने हँडल उलटं फिरवलं, तुकडा परत गेला असं समजला, नळी सोडवली, हाताने गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि गाडीकडे चालत गेला. तिथे कुणीतरी दुसरं मीटर चालू केलं. ते किंचाळायला लागलं. तुकडा नळीच्या टोकातच होता. सगळे पळाले, मग लांब चिमट्याने तो पेटीत घातला, आणि चौघांनी मिळून ठरवलं की हे झालंच नाही.

"सांग की डॉक्टरला!"

"आनि मंग? बॅज घरी होता ते पन सांगू? सगल्यांचीच कामं बंद होतील, दादा. त्या पोरांनी काय खावं? तू गप राहा. एकदा तरी गप राहा."

मी गप राहिलो. तीन दिवस. ज्याच्या पोटात कधी काही टिकलं नाही तो मी, आयुष्यात पहिल्यांदा गप राहिलो, आणि तेही चुकीच्या वेळी.

चौथ्या दिवशी भावजयीने मला मागच्या दारी बोलावून उशीचा अभ्रा दाखवला. केसांचे पुंजके. "सकाली दात घासताना रगत पडलं," ती म्हणाली. त्याला ताप होता. रक्ताचा रिपोर्ट आला होता; त्यातले आकडे मला कळत नव्हते, पण प्रत्येक आकड्यापुढे खाली बोट दाखवणारा बाण होता एवढं दिसत होतं.

मी रिपोर्ट घेऊन बाईंकडे गेलो. नंबर लावून बसलो. आत गेल्यावर सगळं सांगितलं: नळी, खांदा, खिळा, देव्हारा, थर्मामीटरचा विनोद. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तीन दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं." आवाज चढवून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, मधले पंधरा दिवस तो इतका बरा कसा होता? त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. शरीरात ज्या पेशी सतत नव्या तयार होतात, रक्ताच्या, आतड्याच्या, केसांच्या मुळातल्या, त्यांच्या कारखान्यालाच किरणांचा मार आधी बसतो. पण गोदामात जुना माल असतो. तो संपेपर्यंत माणूस चालतो, हसतो, नारळ फोडतो. माल संपतो आणि नवा येत नाही, तेव्हा कळतं. कुठलाही जंतू मग मोकळ्या दाराने आत येतो.

"आता मला एक सांगा," त्यांनी पेन उचललं. "त्याला उलटी झाली होती का? किती वेळाने? जितकी लवकर, तितका किरणांचा डोस मोठा. बॅज खोटा पडला, आता हाच एक धागा आहे. रक्ताची मोठी तपासणी मुंबईत करतील, पण तिला दिवस लागतील. तिथल्या डॉक्टरांना आज ठरवायचंय की त्याला कसं जपायचं. किती वाजता झाली?"

मी तोंड उघडलं, आणि तोंडातून गोष्ट बाहेर यायला लागली. "पहिला घास..." आणि थांबलो. पहिला घास नव्हता. ते मी घातलेलं मीठ. मग कितवा? जेवायला बसलो दोनला? की दीडला? शर्टावर तर काही उडालंच नव्हतं, शर्ट नवाही नव्हता. मी डोळे मिटून ती दुपार आठवायला लागलो, तर समोर सफाळ्याची मेव्हणी हसताना दिसत होती. खरी दुपार मी पुसून टाकली होती, स्वतःच्या तोंडाने, एकेका हशासाठी.

"मी विचारून सांगतो," म्हणालो.

बाहेर येऊन बायकोला फोन केला. "पहिलाच घास होता ना," ती म्हणाली. "तुम्हीच तर सांगता." मुरब्याला जाऊन भावजयीला विचारलं. तीही तेच. भावाला तापात विचारलं, तो म्हणाला, "जेवताना." डोळे उघडले नाहीत. माझी गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती आणि कुणालाच ती दुपार आठवत नव्हती.

आई उंबऱ्यात बसली होती. तिला घड्याळ कळत नाही, म्हणून तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तीच म्हणाली, "जेवताना झाली ती दुसरी."

"दुसरी?"

"पयली वालूवर. मी जवला वालवत बसलेली. हा गाडीवरून उतरला, घरी नाय आला, सरल पान्याकडं गेला आनि ओकला. मी धावले, तर मला बोलला, आये, दादाला सांगू नको. तो गोष्ट करील."

मी उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसलो.

"किती वाजले होते, आई?"

"मला काय ठावं वाजलेलं? पानी पार सुकलेलं. फिरायच्या बेताला होतं, थांबलेलं. आठम होती त्या दिवशी, भांगाचं पानी."

आमच्याकडे हे पोरालाही शिकवतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, म्हणजे पाणी तळाला जाऊन थांबलं ते बाराच्या सुमाराला. नळी खांद्यावर टाकली, ती भावाच्या सांगण्याप्रमाणे सव्वाअकराला. मी बोटांवर दोनदा मोजलं. माझ्या गोष्टीत उलटी जेवताना होती, म्हणजे दोन तासांहून जास्त. खरी होती पाऊण तासावर.

मी फोनवर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नक्की?" मी म्हणालो, "आईने पाणी पाहिलंय." त्यांनी पुढे विचारलं नाही. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी तयार होती. बरोबरच्या तिघांचंही रक्त तपासलं. ते लांब होते, ते निभावले. सुपरवायझरचा फोन आला, "आपने अच्छा नहीं किया।" मी ठेवून दिला. काम सगळ्यांचंच बंद झालं, भाऊ म्हणाला होता तसंच.

त्याला काचेच्या खोलीत ठेवलंय. आत जायचं तर अंगावर झगा, तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत धुवायचे. रोज सकाळी रक्त काढतात. पांढऱ्या पेशी अजून खालीच आहेत. मज्जा म्हणजे हाडांच्या आतला कारखाना पुन्हा सुरू होतो का, याची वाट बघायची, दुसरं काही करता येत नाही, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणतात. मी विचारलं, सुरू नाही झाला तर? ते म्हणाले, "आधी उद्याचा रिपोर्ट बघू." असं ते मला नऊ दिवस सांगताहेत.

हाताचं त्याहून विचित्र. साध्या भाजण्यात कळतं, एवढं मेलं, एवढं जिवंत. इथे मांस आत आत मरत जातं, आठवड्यांनी, महिन्यांनी. "कुठपर्यंत कापायचं ते आज सांगता येत नाही," सर्जन म्हणाले. म्हणून आधी एक पेर कापलं. मग दुसरं. परवा तिन्ही बोटं मुळापासून. संमतीच्या कागदावर तो सही कुठल्या हाताने करणार? मीच केली.

काल दुपारी त्याला जाग आली. हात पट्ट्यांत गुंडाळलेला, भलामोठा. तो म्हणाला, "दादा, मला पाचही बोटं जाणवतात. खरं किती रायली?"

माझ्या तोंडात दहा वाक्यं तयार होती. त्यातलं एक तर चांगलं विनोदीही होतं.

"दोन," मी म्हणालो. "अंगठा आणि करंगळी."

तो छताकडे बघत म्हणाला, "आयेला पाच सांग."

मी काचेबाहेर आलो, झगा काढला. आईचा फोन आला, शेजारच्या मुलीकडून लावून घेतलेला. "किती बोटं?" तिने सरळ विचारलं.

"दोन."

"कंची?"

सांगितलं. मागे बंदरावर कुणीतरी कुणाला शिव्या घालत होतं ते ऐकू येत होतं.

"आनि रगत?"

"उद्या कळेल."

"उद्या कवा?"

"सकाळी काढतात. दुपारनंतर कळतं."

"मी फोन लावते दुपारी," ती म्हणाली. "जे असंल ते सांग. तुझं काय घालू नको त्यात."